साक्ष द्या, शिकवू नका

बॅप्टिस्ट पंथात जन्मानं कुणी सभासद होत नाही. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं म्हणजे बाप्तिस्मा झाला, हे त्यांना मान्य नाही. माणूस कळता झाला, त्याचा स्वतःचा विश्वास बसला, की त्यानं मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सभासदांपुढे, उभं राहून आपल्या मनात काय घडलं ते सांगायचं. मंडळीला पटलं तर बाप्तिस्मा, तोही अख्खं पाण्यात बुडवून. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये अशा मंडळ्या उभ्या राहिल्या आणि लगेच एक अडचण पुढे आली. साक्ष द्यायची तर बाईलाही द्यावी लागणार, आणि बायबलातल्या पौलाच्या पत्रात तर बाईनं मंडळीत गप्प बसावं असं लिहिलेलं. १६५०च्या दशकात मंडळ्यांच्या बैठकांतून यावर खल झाला आणि तोडगा निघाला: प्रवेशापुरतं बोल, चुकलीस तर पश्चात्ताप सांगायला बोल, एरवी शिकवायचं नाही. पुढच्या तीनशे वर्षांत बॅप्टिस्ट बायकांनी जे लिहिलं त्यातलं बरंचसं या ‘बोल’ आणि ‘शिकवू नको’च्या मधल्या फटीत लिहिलेलं आहे.

ती फट केवढी, यावर एका मावशी-भाचीचं पटत नाही. मावशी नगरची, मराठी ख्रिस्ती घरातली, हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. मंडळीच्या महिला मंडळाचे हिशेब वर्षानुवर्षं तिच्याकडे. भाची कॉलेजात इतिहास शिकवते. दोघी बॅप्टिस्ट नाहीत. अशा वादात तरुण बाजू चिडलेली आणि म्हातारी सबुरीची असते म्हणतात. इथे उलट आहे.

मावशी: तू दिलेलं सगळं चाळलं. एक सांगू? या बायका दारातच माफी मागतात. मी अबला, मी अडाणी, मी लिहिणारच नव्हते, देवानं भाग पाडलं. इतकी माफी मागून आत आलेली बाई आत जाऊन करणार काय? कोपरा धरून बसणार.

भाची: प्रस्तावनेत माफी मागायचा रिवाजच होता गं, पुरुषही मागायचे. बायकांची जरा लांबते, एवढं कबूल. पण माफीच्या पुढचं पान उलट ना. कॅथरिन सटन घे. इंग्लंडात राजेशाही परत आल्यावर या मंडळ्यांची धरपकड सुरू झाली, कितीतरी लोक हॉलंडला गेले. १६६३ साली हिचं पुस्तक रॉटरडॅमला छापून निघालं. हिला बसल्याबसल्या गाणी सुचायची, आपसूक ओठांवर यायची, आणि ती देवाकडून येतात असं ती छातीठोकपणे लिहिते. ज्या काळात उपासनेत गावं की नाही यावरच पुरुषांचे वाद चालले होते, त्या काळात.

मावशी: आणि पुरुषांनी छापू दिलं?

भाची: नुसतं छापू नाही दिलं. हॅन्सर्ड नॉलिस हा लंडनचा बडा पाळक, त्यानं प्रस्तावना लिहून दिली.

मावशी: थांब. नॉलिस म्हणजे दुसऱ्या एका पुस्तकात ज्याच्या नावानं एक बाई खडे फोडते, तोच ना?

भाची: तोच. ती ॲन वेंटवर्थ, त्याच्याच मंडळीतली. अठरा वर्षं नवऱ्याचा जाच सोसला. मग मोठ्या आजारातून उठली ती देवानं मला लिहायला सांगितलंय असं म्हणतच. नवऱ्यानं लिहायला बंदी केली. मंडळीच्या पुढाऱ्यांनी नवऱ्याची बाजू घेतली, हिला गर्विष्ठ, भ्रमिष्ट ठरवलं. हिनं घर सोडलं आणि १६७६ ते १६७९च्या दरम्यान पुस्तिका छापल्या. त्यात नवरा आणि मंडळीतले पुढारी एकाच रांगेत उभे केलेत. परत नांदायला जायला ती तयार होती, अट एवढीच की लिहू द्या.

मावशी: मग माझंच म्हणणं खरं झालं की. तोच पाळक, तोच काळ. एक बाई गाते तर प्रस्तावना, दुसरी नवऱ्याबद्दल बोलते तर कारवाई. गाणं चालतं, गाऱ्हाणं चालत नाही.

भाची: पण गाऱ्हाणं छापलं गेलं, मावशी. साडेतीनशे वर्षांनी तुझ्या हातात आलं.

मावशी: माझ्या हातात आल्यानं तिचं काय भलं झालं?

(भाचीला यावर बोलता आलं नाही. आम्हाला मात्र वेंटवर्थबाईंचं मोल दुसरीकडेच दिसतं. बाई मंडळीत काय बोलते याची चौकशी मंडळी करतच होती. नवरा घरात बाईशी कसा वागतो हीदेखील मंडळीच्या चौकशीची बाब आहे, असं ती म्हणाली. ती चौकशी तिला हवी तशी कधी झालीच नाही.)

भाची: बरं, तुला माफी न मागता वाद घालणारी बाई हवी ना? मग ॲन डटन. १६९२ साली नॉर्दॅम्प्टनला जन्म. नवरा बेंजामिन ग्रेट ग्रॅन्सडेन नावाच्या खेड्यात पाळक. १७४३ साली तो सभागृहाचं कर्ज फेडायला वर्गणी गोळा करत अमेरिकेला गेला आणि १७४७मध्ये परतताना जहाजाबरोबर बुडाला. बाई मागे एकटी राहिली, लिहीत राहिली. पुस्तकं आणि पुस्तिका मिळून पन्नासच्या आसपास. जॉर्ज व्हाइटफिल्ड आणि जॉन वेस्ली या त्या काळच्या गाजलेल्या उपदेशकांशी पत्रव्यवहार. वेस्लीला तर तुमची शिकवण चुकते आहे असं सांगणारी पत्रं, आणि तीही छापून!

मावशी: कुठल्या मुद्द्यावर?

भाची: माणूस याच जन्मी पूर्ण निष्पाप होऊ शकतो का, यावर. वेस्ली म्हणायचा होऊ शकतो. ही म्हणाली, छे.

मावशी: या मुद्द्यावर मी तिच्या बाजूची. पुढे बोल.

भाची: लोक कुजबुजायला लागले की बाईनं छापावं का. तेव्हा १७४३ साली तिनं त्याच प्रश्नावर एक पत्र छापलं. तिचा युक्तिवाद ऐक. पौलानं बंदी घातली ती मंडळी जमलेली असताना अधिकारानं शिकवायला. पुस्तक काही मंडळी जमवून वाचत नाहीत, माणूस आपल्या घरी बसून वाचतो. म्हणजे छापील पुस्तक हे घरातलं बोलणं झालं. आणि घरात बोलायला बाईला कधी मनाई होती? बायबलातल्या प्रिस्किल्लेनं अपुल्लोस या उपदेशकाला घरी नेऊनच तर समजावलं होतं.

मावशी: (हसत) वकीलच व्हायची ही. हजार प्रती छापल्या तरी घरगुती बोलणं!

भाची: आणि शनिवारी रात्री ज्या पाळकानं आपल्या घरी बसून ते वाचलं, तो रविवारी मंडळीत काय बोलणार?

मावशी: ते ठीक. पण सौदा बघ. छापखाना पदरात पाडून घेण्यासाठी तिनं पुलपिट, चर्चमधलं उपदेशाचं व्यासपीठ, कायमचं पुरुषांच्या नावे लिहून दिलं.

भाची: लिहून द्यायला तिच्याकडे पुलपिट होतं कुठे?

मावशी: नव्हतं, म्हणूनच मागायला हवं होतं. आपल्याकडे नसलेली वस्तू मला नकोच असं म्हणणं यात मोठेपणा नाही. पुढच्या बाईला मग मागताना दोनदा विचार करावा लागतो. लोक म्हणतात, बघा, डटनबाईंनासुद्धा ते नकोच होतं.

भाची: हे तुझं मात्र बरोबर आहे. पुढे असं झालंही. पण मागणं हा एकच रस्ता नसतो. तिच्यानंतरची ॲन स्टील घे, हॅम्पशरातली. बाप लाकडाचा व्यापारी आणि मंडळीचा बिनपगारी पाळक. १७४२ साली बेंजामिन बेडम या पाळकानं हिला मागणी घातली, हिनं नकार दिला आणि जन्मभर लग्न केलं नाही. १७६० साली ‘थिओडोसिया’ या टोपणनावानं कवितांचे दोन खंड निघाले. १७६९ साली ॲश आणि इव्हान्स या पाळकांनी ब्रिस्टलला गीतसंग्रह काढला, त्यात बासष्ट गीतं हिची. आता चित्र डोळ्यापुढे आण. ज्या सभेत बाईनं शिकवायचं नाही, तिथे पुरुष उभे राहून खड्या आवाजात एका बाईचे शब्द म्हणताहेत. पाळकासकट.

मावशी: त्यांना माहीत होतं का बाईचे आहेत ते?

भाची: टोपणनावही बाईचंच आहे की.

मावशी: असू दे. पण त्यात बाईचं असं काय आहे? मी वाचली ती सगळी दुखणी, मरण, देवा तू लपलास कुठे, अशी.

भाची: तेच म्हणते मी. आयुष्यभर आजारी असलेल्या बाईची शंका तिनं मंडळीच्या तोंडी घातली. बायकांसाठी म्हणून नाही, सगळ्यांसाठी. दाढीवाल्या डीकनानं रविवारी सकाळी, देवा मला तू दिसत नाहीस, असं म्हणायचं ते एका बाईच्या शब्दांत.

मावशी: हं. हे आवडलं मला. पण मला सांग, आपल्या लक्ष्मीबाई टिळकांनी कुठे इतके आडवळणाचे रस्ते घेतले? ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माफीबिफी काही दिसत नाही. नवऱ्याच्या, टिळकांच्या, तापटपणासकट सगळं हसत हसत चव्हाट्यावर.

भाची: लक्ष्मीबाई बॅप्टिस्ट नव्हेत, मावशी. नगरचं अमेरिकन मिशन वेगळ्या पंथाचं. बॅप्टिस्टांचा मराठीशी संबंध आला तो श्रीरामपूरला.

मावशी: श्रीरामपूरला? मग आपल्याच जिल्ह्यात झालं ते.

भाची: अगं, बंगालचं श्रीरामपूर! विल्यम केरीनं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८११ साली मराठी नवा करार, ते तिथून. केरीचं नाव आपण सगळे घेतो. पण तिथल्या बॅप्टिस्ट मिशनच्या एकत्र कुटुंबाचा खर्च ज्या निवासी शाळांच्या फीवर बराचसा चालायचा, त्या हॅना मार्शमन आणि तिचा नवरा चालवायचे. १८००पासून. मुलींकडचं सगळं हॅना बघायची.

मावशी: म्हणजे मराठी छपाईच्या पोटात एका बाईच्या शाळेची फी आहे. कुणी सांगत नाही ते. आणि तिनं पुस्तक लिहिलं?

भाची: पत्रं लिहिली. दिवसभर एवढ्या माणसांचं बघणाऱ्या बाईला पुस्तक कुठलं जमायला?

मावशी: तीच तर गोम आहे. जिनं काम केलं तिला लिहायला सवड नाही. जिनं लिहिलं तिला सवड होती.

भाची: मग ही ऐक. मेरी ॲन हर्न. केंटमधल्या फार्निंगहॅम गावची, म्हणून लेखनात मॅरियन फार्निंगहॅम. जन्म १८३४. सवड कसली, आई लवकर गेली आणि बारा वर्षांची पोर घर सांभाळू लागली. रविवारच्या शाळेचं एक मासिक घरी यायचं. त्यात दर महिन्याला एक गोष्ट, गरिबाघरचा पोरगा पुढे मोठा माणूस कसा झाला त्याची. ही दर अंक उघडून बघायची की या खेपेला एखाद्या गरीब, अडाणी मुलीची गोष्ट आली का. कधीच आली नाही.

मावशी: हे कुठे लिहिलंय? मी वाचलं नाही.

भाची: तिच्या १९०७च्या आत्मचरित्रात. तिचा पाळक व्हिटमोर यानं १८५७ साली ‘ख्रिश्चन वर्ल्ड’ हे साप्ताहिक काढलं आणि ही पहिल्या अंकापासून त्यात लिहायला लागली ती पन्नासएक वर्षं. आधी शाळामास्तरीण, मग पूर्णवेळ पगारी लेखिका. १८८५पासून रविवारच्या शाळांच्या एका पत्राची संपादक. नॉर्दॅम्प्टनच्या कॉलेज स्ट्रीट मंडळीत मुलींचा मोठा वर्ग घ्यायची. १८८६ साली तिथल्या स्कूल बोर्डावर निवडून आली.

मावशी: छान. पण हिनंच ना मुलींसाठी पुस्तक लिहिलंय, घरातला उजेड व्हा, सगळ्यांचं मन सांभाळा, असल्या उपदेशाचं? स्वतः पगार घ्यायचा, व्याख्यानं देत गावोगाव आगगाडीनं फिरायचं आणि वाचकिणींना सांगायचं, चुलीपाशी बसा. असल्या बायकांची मला खरी चीड येते. पुरुषांपेक्षा जास्त.

भाची: ते पुस्तक १८६९चं. निवडणूक नंतरची. तिचं आयुष्य पुढे चालतं आणि उपदेश मागून येतो. तिला दिसत होतं ते तिला लिहायला धीर व्हायला वेळ लागला.

मावशी: तेवढ्या वेळात किती मुली चुलीपाशी बसल्या?

(इथे आम्ही मावशीच्या बाजूचे. पण फार्निंगहॅमबाईंचे वाचक म्हणजे गिरणीकामगार, मोलकरणी, दुकानातल्या पोरी. त्यांना दर आठवड्याला पगारावर जगणारी एक अविवाहित बाई धर्माबद्दल आपल्याशी बोलताना दिसत होती. लेखातला उपदेश एक होता आणि लेखाखालची सही दुसरंच सांगत होती.)

मावशी: मला तुझ्या गठ्ठ्यात एकच बाई पटली. अमेरिकेतली व्हर्जिनिया ब्रॉटन. तिचं सांगते मी. कृष्णवर्णीय बाई, गुलामगिरी संपली त्यानंतर दहा वर्षांनी, १८७५ साली फिस्क विद्यापीठाची पदवी घेतलेली. टेनेसी राज्यात गावोगाव फिरून बायकांचे बायबल-गट काढले. बायका स्वतः वाचायला लागल्या, स्वतः अर्थ लावायला लागल्या, तर काही पाळकांनी चर्चला कुलपं घातली. नवऱ्यानं विचारलं, हे तुझं फिरणं थांबणार कधी? तर हिनं त्याला सरळ देवाकडे पाठवला. पहिला हक्क देवाचा, दुसरा तुमचा, भांडण असेल तर तुम्ही दोघं आपसात मिटवा.

भाची: (हसू आवरत) आणि नवरा?

मावशी: आला ताळ्यावर. मला फक्त एक कळलं नाही, स्वतःची गोष्ट ‘ती’ म्हणून का लिहिते? ‘व्हर्जिनिया गेली’, ‘व्हर्जिनिया बोलली’.

भाची: मला वाटतं, ‘मी’ म्हटलं की साक्ष होते, आणि साक्षीला लोक म्हणतात, तुझा अनुभव तुझ्यापाशी. ‘ती’ म्हटलं की इतिहास होतो. प्रेषितांच्या कृत्यांचं पुस्तक असंच लिहिलंय ना. १९०४ साली तिनं बायबलातल्या बायकांवर वेगळं पुस्तकच काढलं आणि तिथे ती उघड उघड अर्थ सांगते, शिकवते. मधली फट तिनं जवळजवळ बुजवलीच.

मावशी: गोऱ्या बायकांचं काय चाललं होतं तेव्हा?

भाची: चीनमध्ये लॉटी मून होती, १८७३पासून. लहानखुरी, पण लेखणी तिखट. १८८३च्या लेखात तिनं लिहिलं की मिशनवर आलेल्या बाईला पुरुषाच्या बरोबरीचा अधिकार हवा. तिच्या पत्रांनीच अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बॅप्टिस्ट बायका नाताळची वर्गणी काढायला लागल्या. १८८८ साली रिचमंडला त्यांची संघटना झाली. पैसा बायका उभा करायच्या, पण पंथाच्या अधिवेशनात त्यांचा अहवाल पुरुष उभा राहून वाचायचा. १९२९ साली पहिल्यांदा त्यांच्या अध्यक्षबाई स्वतः बोलल्या.

मावशी: हिशेब आमचा, वाचन त्यांचं. ओळखीचं आहे.

भाची: त्याच रिचमंडला १९०० साली कृष्णवर्णीय बॅप्टिस्टांच्या अधिवेशनात एकवीस वर्षांची नॅनी हेलन बरोज उभी राहिली. भगिनींना मदत करू देत नाहीत ते कसं, यावर भाषण. त्यातून बायकांची स्वतःची परिषद झाली. १९०९ साली तिनं वॉशिंग्टनला मुलींची शाळा काढली. मंडळ्यांमध्ये ‘महिला दिन’ साजरा करायची कल्पनाही तिचीच.

मावशी: महिला दिन? म्हणजे आमच्याकडे वर्षातून एक रविवार असतो तसा? बायकांनी गुलाबी साड्या नेसायच्या, दोन गाणी म्हणायची, वर्गणी गोळा करायची आणि चहा करायचा?

भाची: अगदी तसाच झाला तोही. नंतर तिनंच वैतागून लिहिलं की मी हा दिवस पैसे उभे करायला काढला नव्हता, बायका उभ्या करायला काढला होता. त्यांनी तयारी करून, अभ्यास करून भाषण द्यावं, म्हणून.

मावशी: हिच्याशी माझं जमलं असतं.

भाची: आता मी तुझी भूमिका घेते. हिच्या शाळेचं ब्रीद होतं बायबल, अंघोळ आणि झाडू. मग फार्निंगहॅमच्या चुलीत आणि हिच्या झाडूत फरक काय?

मावशी: फरक पगाराचा. त्या पोरींना तसंही लोकांच्या घरी झाडूच मारावा लागणार होता. हिनं सांगितलं, शिकून मारा, मान ताठ ठेवून मारा आणि दाम वाजवून घ्या. बायबल शिकवलं ते सोडून देतेस होय? आधी तेच नाव आहे.

भाची: मान्य. पण पुलपिटाचं घोडं अजून अडलेलंच आहे. १९२१ साली हेलन बॅरेट माँटगोमेरी उत्तरेकडच्या बॅप्टिस्टांची अध्यक्ष झाली, १९२४ साली तिनं ग्रीकमधून अख्खा नवा करार इंग्रजीत आणला. दक्षिणेत १९६४ साली डरॅमच्या एका मंडळीनं ॲडी डेव्हिसला पाळकपदाची दीक्षा दिली. आणि २००० साली त्याच दक्षिणी संघानं आपल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात लिहून टाकलं की पाळक पुरुषच असेल. २०२३ साली बाईला पाळक केलं म्हणून एका मोठ्या मंडळीला बाहेर काढलं.

मावशी: प्रत्येक मंडळी स्वतंत्र म्हणायचे ना?

भाची: म्हणतात अजून. म्हणूनच डरॅमच्या मंडळीला ते करता आलं, कुणाची परवानगी लागली नाही. आणि म्हणूनच शेजारच्या मंडळीला ते न करण्याचीही मुभा राहिली.

मावशी: बरं, ते राहू दे. बरोजचं आणखी काय मिळेल वाचायला?

भाची: एक विनोदी नाटक आहे, ‘स्लॅबटाऊन डिस्ट्रिक्ट कन्व्हेन्शन’. मंडळीतल्या बायकांचंच अधिवेशन. कुणी किती वर्गणी आणली, कोण कुणावर रुसली, अहवाल कोण वाचणार, ठराव कोण मांडणार, सगळी टिंगल. निधी उभारायला गावोगावच्या मंडळ्यांत त्याचे प्रयोग व्हायचे.

मावशी: चर्चमध्ये?

भाची: चर्चमध्ये.

मावशी: पाठव मला. मराठी मी करते. पात्रं शोधायला नकोत, आमच्या मंडळात सगळ्याजणी आहेत. खजिनदार मी होते.